आधी गोळ्यांचे कपाट भरा, मग कॅथलॅबची फीत कापा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्य चिकित्सक यांस,

विषय : हृदयविकाराच्या निधीतून आधी काय करावे, याबाबत.

महोदय,

जिल्हा वार्षिक योजनेच्या बैठकीत ‘हृदयरोग’ हा शब्द निघाला की गाडी कॅथलॅबवर, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करण्याच्या कक्षावर, येऊन थांबते. जागा कुठली, यंत्र कुठल्या कंपनीचे, उद्घाटनाला कोण. कॅथलॅबला आमचा विरोध नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या, औषध लावलेल्या जाळीच्या नळीची) किंमत कर सोडून २९,६०० रुपयांवर बांधली गेली आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होऊ लागली, याचा फायदा आमच्या रुग्णांना झालेला आम्ही रोज पाहतो. पण कॅथलॅबच्या दारात पोचण्याआधी तोच माणूस दहा वर्षे बीपीच्या गोळ्यांच्या खिडकीवर उभा राहिलेला असतो, आणि झटक्याच्या रात्री तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी यंत्राशेजारी आडवा पडलेला असतो. या दोन जागी काय बिघडते आणि ते किती थोडक्यात दुरुस्त होते, एवढेच या पत्रात आहे.

सुरुवात मागणीपत्रापासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते आणि ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षाची मागणी ‘गेल्या वर्षी किती वाटल्या’ यावरून काढली जाते. समजा एका आरोग्य केंद्राने वर्षभरात ॲम्लोडिपिन या बीपीच्या औषधाच्या दोन लाख गोळ्या वाटल्या, पण त्यातले चार महिने कपाट रिकामे होते. दोन लाखांना बाराने भागले तर महिन्याला १६,६६७ गोळ्या येतात. खरा भागाकार साठा असलेल्या आठ महिन्यांचा हवा : महिन्याला २५,०००. म्हणजे वर्षाला तीन लाख, आणि तीन महिन्यांचा राखीव साठा धरून ३,७५,०००. बाराने भागणारा औषधनिर्माण अधिकारी चोरी करत नाही, नियमच पाळतो. पण त्या भागाकाराने यंदाचा तुटवडा पुढच्या वर्षाच्या मागणीपत्रात कायमचा बसतो. दरवर्षी मागणी कमी, म्हणून पुरवठा कमी, म्हणून वाटप कमी, म्हणून मागणी कमी.

याला दुसरी, जास्त प्रामाणिक रीत आहे. माणसे मोजा. सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३०,००० लोकसंख्या असते. त्यातले तीस वर्षांवरचे अंदाजे निम्मे धरा, १५,०००. चारातल्या एकाचा रक्तदाब वाढलेला धरला तर ३,७५०. त्यातले निम्मेच उपचारावर आहेत असे मानले तरी १,८७५ माणसे, आणि प्रत्येकाला दिवसाला एकच गोळी धरली तरी वर्षाला ६,८४,३७५ गोळ्या. हा आकडा आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही एका केंद्राच्या चालू मागणीपत्राशेजारी ठेवून पाहावा. ही गोळी सरकारी घाऊक खरेदीत रुपयाच्याही आत पडते, त्यामुळे पैसे नव्हते हे कारण इथे चालणार नाही.

उपचाराची रीत आता वादाची राहिलेली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. त्याची पद्धत साधी आहे. दाब १४०/९० किंवा त्यावर ठरला की ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्याने तपासायचे, उतरला नसेल तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडायचे, मग मात्रा वाढवायची, तरीही नाही तर क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. गरोदर किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या बाईला टेल्मिसार्टन नाही. या धर्तीवर सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि डॉक्टर एकच भाषा बोलतात. मोडते ती रीत बदलत्या पुरवठ्याने : या महिन्यात ॲम्लोडिपिन, पुढच्या महिन्यात ॲटेनोलॉल, त्याच्या पुढच्या महिन्यात ‘बाहेरून घ्या’. गोळीचा रंग आणि आकार बदलला की आजीबाई दोन्ही खातात किंवा एकही खात नाहीत.

दोन औषधांची एकच गोळी हा अलीकडचा मोठा फायदा. भारतात झालेल्या टॉपस्पिन चाचणीत अशा एका गोळीने सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांचा दाब १४०/९० च्या खाली आला. ती जरूर घ्या, पण सुटे ॲम्लोडिपिन बंद करून नव्हे. सगळे एकाच जोडगोळीवर ठेवले आणि ती संपली, तर एका दिवसात दोन्ही औषधे बंद होतात.

खिडकीवरच्या दोन बारीक गोष्टी. टेल्मिसार्टन ओल धरते. गोळ्या पट्टीतून आधीच काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्या तर कोकणातल्या पावसाळ्यात त्यांचे काय होते ते पुडी उघडून पाहावे. पट्टी कापतानाही मुदतीची तारीख असलेला तुकडा रुग्णाकडे जायला हवा. दुसरी गोष्ट : ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते. आधी सांगितले नसेल तर माणूस ‘किडनीवर गेलं’ असे समजून गोळी टाकून देतो आणि परत येत नाही. खिडकीवर एक वाक्य पुरते : सूज आली तर घाबरू नका, गोळी मनाने थांबवू नका, येऊन दाखवा.

आता परत येण्याचा हिशेब. असंसर्गजन्य आजारांची ओपीडी आठवड्याच्या ठरलेल्या वारी असते आणि लोकही बाजाराचा वार धरून येतात. महिन्याच्या म्हणून दिलेल्या ३० गोळ्या सात दिवसांच्या आठवड्यात बसतच नाहीत. मंगळवारी आलेला माणूस २८ व्या दिवशी आला तर दोन गोळ्या उरतात. एक मंगळवार चुकला तर ३५ व्या दिवशी येतो, म्हणजे पाच दिवस कोरडे. ‘पाच दिवस काही झालं नाही’ हा अनुभव मग पुढच्या पाच महिन्यांचे कारण होतो. दहाच्या चार पट्ट्या द्या आणि चार आठवड्यांनी बोलवा. दाब दोन भेटींत आटोक्यात दिसला की ९० दिवसांच्या गोळ्या द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे बंद झाले, चांगले झाले. पण रुग्णाला महाग पडते ती बुडालेली रोजंदारी आणि एसटीचे भाडे.

या सगळ्यात ऊसतोड कामगार कुठेच बसत नाहीत. बीड, अहिल्यानगर, जालना इथली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि थेट कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या नावापुढे घरच्या केंद्रात सहा महिने ‘आले नाहीत’ अशी नोंद पडते आणि कारखान्याजवळच्या केंद्रात त्यांचे नावच नसते. पहाटे तीनला कोयता घेऊन फडात उतरणारी, मिश्री लावणारी, पाणी कमी पिणारी ही माणसे आहेत. त्यांचा रक्तदाब सहा महिने सुट्टीवर जात नाही. निघण्याआधी १८० गोळ्या आणि एक जाड कागदाचे कार्ड द्यावे, कार्डावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, शेवटचे दोन दाब आणि साखर. ऑनलाइन नोंद असू द्या, पण फडावरच्या कोपीत नेटवर्क नसते आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो मुकादमाकडे असतो.

हे वाचणाऱ्या, वैद्यकीय शिक्षण न झालेल्या अधिकाऱ्यांसाठी एक युक्ती. आरोग्य केंद्राला भेट दिलीत तर रक्तदाबाची नोंदवही उघडा आणि फक्त शेवटचे अंक वाचत जा. डिजिटल यंत्राने मोजलेल्या आकड्यांत शेवटचा अंक शून्य दहातून एखाद्या वेळी यावा. पानभर १३०/८०, १४०/९०, १२०/८० अशी रांग दिसली तर दाब मोजला गेलेला नाही, लिहिला गेला आहे. बहुधा यंत्राच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात, किंवा पट्टा फाटलेला असतो, किंवा शंभर माणसांच्या रांगेपुढे एकच यंत्र असते.

मोजायची रीतही सांगायला हवी, कारण चुकीच्या मोजणीवर दिलेली बरोबर गोळी कामाची नाही. पाच मिनिटे शांत बसू द्यायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा फुली घातलेली नको. स्टुलावर बसवून, हात लटकता ठेवून घेतलेला दाब जास्तच येतो : हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर साधारण सात-आठ अंकांनी. हात टेबलावर असावा. शर्टाची बाही वर गुंडाळली की दंडाला फास बसतो, बाही काढावी. लघवी तुंबलेली नको, अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. मोजताना बोलायचे नाही, आणि हे सिस्टरनेही पाळायचे. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने जाड दंडावर दाब खोटा चढतो आणि माणूस विनाकारण आयुष्यभर गोळी खातो. यंत्रासोबत मोठा पट्टा मागवला होता का, हे खरेदीच्या कागदात पाहावे. बहुधा नसतो.

आता रात्रीकडे वळू.

छातीत दुखणारा माणूस आपल्याकडे पहिल्यांदा हृदयाचे नाव घेत नाही. ‘गॅस झालाय’, ‘पित्त वर आलंय’ म्हणत सोडा पितो, ओवा खातो, मग गावातल्या डॉक्टरकडे ॲसिडिटीचे इंजेक्शन घेतो. दोन-तीन तास इथेच जातात. बायकांत आणि मधुमेह्यांत तर छाती दुखतेच असे नाही; दम लागतो, घाम फुटतो, उलटी होते, जबडा किंवा डावा हात जड होतो. वयावर तर मुळीच जाऊ नये. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका मध्यक वयाच्या ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. नाभी ते जबडा यांमध्ये कुठेही अचानक त्रास सुरू झालेल्या, तिशीपुढच्या प्रत्येकाचा ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, केसपेपरच्या आधी.

तो का निघत नाही? यंत्र नसते म्हणून क्वचितच. यंत्र कपाटात असते आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्सबरोबर घरी गेलेली असते. कागदाचा रोल संपलेला असतो. जेल वाळलेले असते. महिनाभर चार्जिंगला न लावल्याने बॅटरी गेलेली असते आणि नेमकी वीज नसते. म्हणून यंत्र आपत्कालीन खोलीत, उघड्या ट्रॉलीवर, कायम प्लगमध्ये हवे, खालच्या कप्प्यात दोन रोल, जेल आणि दाढीचे पाते (केसाळ छातीवर ईसीजीच्या, चिकटून बसणाऱ्या वाट्या धरत नाहीत). प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एका सिस्टरने स्वतःच्याच हातापायांना चिमटे लावून एक पट्टी काढावी आणि सही करून चिकटवावी. एक पट्टी म्हणजे वीतभर कागद. यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

निघालेला ईसीजी चुकतो तो बहुतेक वेळा छातीवरच्या पहिल्या दोन वाट्यांमुळे. घाईत त्या गळ्याजवळ, बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत लावल्या जातात आणि नसलेला झटका दिसतो किंवा असलेला लपतो. जागा बोटाने शोधायची असते. गळ्याखालच्या खाचेतून बोट छातीच्या हाडावरून खाली सरकवले की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत उतरायचे : हाडाच्या उजव्या कडेला पहिली वाटी, व्ही-१, डाव्या कडेला दुसरी, व्ही-२. मग व्ही-४, पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध सोडलेल्या ओळंब्यात. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मध्ये. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४ च्याच आडव्या पातळीवर, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेत. वर चढवायचे नाहीत. बाईच्या बाबतीत वाटी स्तनाखाली लागते. पडदा आणि स्त्री कर्मचारी नसेल तर संकोचाने ती ब्लाउजच्या वरच्या कडेला लागते आणि पुढचे सगळे वाचन बिघडते. म्हणून पडदा हे हृदयरोगाचे उपकरण समजून खरेदीच्या यादीत घ्यावे. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका दिसला तर उजव्या छातीवर व्ही-४ काढायचा, कारण उजवा कप्पा सापडला असेल तर जिभेखाली ठेवलेली नायट्रेटची गोळी दाब धाडकन पाडते. पहिला ईसीजी साधा आला आणि दुखणे चालू असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा काढायचा. पट्टी उष्णतेच्या कागदावर असते, वर्षभरात पुसट होते. मोबाइलवर फोटो लगेच काढून ठेवावा.

ईसीजीतली ‘एसटी’ नावाची रेषा वर चढलेली दिसली (ही झटक्याची खूण) की ट्रोपोनिन या रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहायची नाही. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून, पाण्याबरोबर गिळून नव्हे. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्णांत नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू २३ टक्क्यांनी घटले आणि स्ट्रेप्टोकायनेज हे रक्ताची गाठ विरघळवणारे औषध जोडल्यावर ४२ टक्क्यांनी. ही गोष्ट सदतीस-अडतीस वर्षे जुनी आहे, आणि आजही तालुक्यातून ॲस्पिरिनविना ‘पुढे हलवा’ लिहिलेले रुग्ण येतात.

मग गाठ होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, पण पंचाहत्तरीपुढे गाठ विरघळवणारे औषध द्यायचे असेल तर ७५ च. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन ८०. मग प्रश्न एकच : अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार आहे का? पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक शहरांत कदाचित. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. धडगाव, भामरागड, जिवती इथल्या माणसाला तो प्रश्न विचारणेही थट्टा आहे. तिथे गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन जागेवरच, झटका ओळखल्यापासून अर्ध्या तासात द्यावे, आणि मग २४ तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी पाठवावे. या रीतीत कमीपणा नाही. २०१३ च्या स्ट्रीम चाचणीत, तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रुग्णांत ती थेट अँजिओप्लास्टीच्या बरोबरीने उतरली. तमिळनाडूत मोठ्या रुग्णालयांना भोवतालची छोटी रुग्णालये जोडून वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यात २०१८ च्या अखेरीपासून परिघावरच्या रुग्णालयांतला ईसीजी दुरून वाचला जातो, इंजेक्शन तिथेच दिले जाते आणि रुग्ण बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतो. आपल्याकडेही अनेक रुग्णालयांत दुरून ईसीजी वाचण्याची सोय बसली आहे. निदान दहा मिनिटांत फोनवर येते. इंजेक्शन येत नाही.

गाठ विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेज या इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते : ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि पुढे ५०. पंचाहत्तरीपुढे निम्मी मात्रा. वजन अंदाजाने धरू नये. आमच्याकडे अंदाज नेहमी जास्तच निघतो आणि जास्त मात्रा म्हणजे मेंदूत रक्तस्राव. सोबतच्या पाण्यातच मिसळायचे, कुपी खळखळ हलवायची नाही, नुसती फिरवायची. सुईच्या नळीत डेक्स्ट्रोज असेल तर औषध तिथेच बसते. आधी आणि नंतर सलाइनने नळी धुवायची. पाच-दहा सेकंदांत एकदाच द्यायचे. ते नसेल आणि स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट १०० मिली सलाइनमध्ये अर्धा ते एक तास. दाब पडला तर थेंब हळू करायचे. ज्याला ते पूर्वी मिळाले आहे त्याला पुन्हा द्यायचे नाही. आधी विचारायचे ते इतके : मेंदूत कधी रक्तस्राव, सहा महिन्यांत लकवा, अलीकडे डोक्याला मार किंवा मोठे ऑपरेशन, चालू रक्तस्राव, पाठीत फाटल्यासारखी कळ. दाब १८०/११० च्या वर असेल तर आधी उतरवायचा. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. वर चढलेली रेषा निम्मीही उतरली नसेल तर गाठ सुटलेली नाही, रुग्णाला त्याच क्षणी कॅथलॅबकडे निघावे लागते. आपली कॅथलॅब इथे हवी आहे.

मग अडते कुठे? भीतीत, आणि ती भीती समजून घेण्यासारखी आहे. शंभरात साधारण एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. पहिल्या सहा तासांत दिलेल्या हजारात तीसेक जादा माणसे वाचतात. पण वाचलेली तीस माणसे मिरवणूक काढत नाहीत आणि रक्तस्राव झालेल्या एकाचे नातेवाईक रात्री दोन वाजता वॉर्डात जमतात. नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘पुढे हलवा’ हे दोन शब्द सुरक्षित वाटतात. त्याच्या पाठीशी लेखी आदेश हवा : ईसीजी वाचणाऱ्या तज्ज्ञाचा निर्णय नोंदवून, छापील प्रश्नावली भरून, मराठीतल्या संमतीपत्रावर सही घेऊन दिलेल्या इंजेक्शनची जबाबदारी संस्थेची. डॉक्टर-रुग्णालयांवरचे हल्ले रोखणारा २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा भिंतीवर लावून हे काम होत नाही.

दुसरी भीती लेखापरीक्षणाची. महाग कुपी वापरावाचून मुदतबाह्य झाली तर आक्षेप निघतो, म्हणून कोणी ती मागवतच नाही. उपाय भांडारपालाला ठाऊक असतो : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दोन कुपी ठेवा, मुदतीला सहा महिने उरले की त्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवून ताज्या घ्या. जिल्ह्यात त्या महिन्याभरात खपतात. यासाठी खालून वर साठा परत करण्याची परवानगी देणारे एक परिपत्रक लागते, निधी लागत नाही.

१०८ बद्दल थोडेच. गाठ विरघळू लागली की पहिल्या काही तासांत हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून इंजेक्शन दिलेला रुग्ण चालू डिफिब्रिलेटर (विजेच्या धक्क्याने लय सुधारणारे यंत्र) आणि ते वापरता येणारा माणूस नसलेल्या गाडीतून जाऊ नये. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन आणि ईसीजीचा फोटो. सीमेवरच्या तालुक्यांत जवळचे केंद्र तेलंगणात, कर्नाटकात किंवा गोव्यात असते. तिथे आपल्या योजनेतून उपचार कसे होतील हे कागदावर आधीच ठरलेले असावे, गाडीत बसल्यावर नव्हे.

स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाचे दोन गोळ्यांचे वर्ष सुरू होते : ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तशी दुसरी. योजनेत झालेली अँजिओप्लास्टी शहरातली, गोळ्या मात्र गावात लागतात. पहिल्या महिन्यांत त्या तुटल्या तर स्टेंटमध्येच गाठ बसते आणि सगळा खर्च एका रात्रीत वाया. दात काढायला गेल्यावर ‘रक्त पातळ करणारी गोळी बंद करा’ असे सांगितले जाते, तेही धोक्याचे. डिस्चार्ज कार्डाची प्रत आरोग्य केंद्राला जावी आणि क्लोपिडोग्रेल व ॲटोरव्हास्टॅटिन ४० केंद्राच्या पातळीवर असावे.

या यादीत पेनिसिलिनही घाला. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुले-मुली अजून आपल्या आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांत आहेत. त्यांना दर तीन आठवड्यांनी १२ लाख युनिट (कमी वजनाच्या लहान मुलांना निम्मे) बेंझाथिन पेनिसिलिन लागते. ते दोन कारणांनी बंद पडते : साठा नसतो, किंवा ॲलर्जीच्या भीतीने कोणी टोचत नाही. ॲड्रेनलिन भरलेली ट्रे शेजारी ठेवून, जाड सुईने, सावकाश टोचले तर ते रुळलेले काम आहे. बारीक सुईत भुकटी अडकते आणि अर्धा डोस भिंतीवर जातो. ज्यांच्या झडपेचा आजार फार पुढे गेला आहे त्यांना मात्र तोंडाने देण्याची पद्धत सुरक्षित. अशा रुग्णाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि त्याची मात्रा ठरवणारी आयएनआर ही रक्ततपासणी हवी. ‘तपासणी लागत नाही’ म्हणून रिव्हरॉक्साबॅन या नव्या औषधाकडे वळू नये. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत या रुग्णांत जुने औषधच सरस ठरले.

नव्या औषधांपैकी एकच नाव आम्ही सुचवतो. डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले आणि भाव कोसळले. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांचे दवाखान्यात पुन्हा पुन्हा भरती होणे त्याने घटते. दोहोंपैकी एक जिल्हा यादीत यावे. कोलेस्टेरॉलची सहा महिन्यांतून एकदा टोचायची इंजेक्शने तूर्त राहू द्या; ॲटोरव्हास्टॅटिनची गोळीच अजून सगळ्यांपर्यंत गेलेली नाही.

मीठ आणि तंबाखूवर भाषणे पुष्कळ झाली, म्हणून दोनच सूचना. ‘मीठ कमी खा’ ऐवजी आशाताईंना पदार्थांची नावे द्या : लोणचे, पापड, ठेचा, फरसाण, ताकात वरून टाकलेले. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, सगळे धरून. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाने चीनमधल्या २०२१ च्या चाचणीत लकवे १४ टक्क्यांनी कमी झाले, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते विचारल्याशिवाय देऊ नये. आणि तपासणीच्या फॉर्मवर ‘तंबाखू खाता का’ हा प्रश्न विचारला की बाई नाही म्हणते, खरेच खात नाही म्हणून. मिश्री लावता का, असा वेगळा रकाना हवा.

यंदा एवढे झाले तरी पुरे : मागणीपत्र साठा असलेल्या महिन्यांनी भागून आणि रुग्णसंख्येशी ताडून काढण्याचा आदेश, कुपी परत पाठवण्याचे परिपत्रक आणि इंजेक्शनच्या जबाबदारीचा लेखी आदेश. ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी मात्र तारीख आहे. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. १८० गोळ्यांची पाकिटे त्याआधी गावात पोचायची तर मागणीपत्र जुलैअखेर निघावे लागते आणि साठा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तालुका भांडारात उतरावा लागतो. उचल घेतलेल्यांची यादी मुकादमाकडे त्याच सुमारास तयार असते. ती मागून घ्यावी आणि नोंदवहीतल्या नावांशी जुळवावी.

आपले,
ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील काही डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माण अधिकारी